मॅरेथॉननंतर पांढऱ्या पेशी जातात कुठे?

दीर्घ पल्ल्याची शर्यत संपते, गळ्यात पदक पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसा बसतो. नाक वाहू लागते, अंग मोडून येते. धावपटूंची ही तक्रार फार जुनी आहे. 'फार व्यायाम केला की प्रतिकारशक्ती खालावते' हे वाक्य त्यामुळेच व्यायामशाळेतील प्रशिक्षकापासून घरातील आजीपर्यंत सर्वांच्या तोंडी असते. वैद्यकीय पुस्तकांतही अनेक वर्षे थोड्याफार फरकाने हेच लिहिले जात होते आणि ते निराधारही नव्हते. शर्यत संपल्यावर एक-दोन तासांनी धावपटूचे रक्त तपासले, तर विषाणूंशी सामना करणाऱ्या काही पांढऱ्या पेशींची संख्या नेहमीच्या निम्म्यावर आलेली दिसते. सैन्य निम्मे झाले, तर शत्रू आत शिरणारच, असा सरळ हिशेब त्यावरून मांडला गेला.

या हिशेबात एक चूक होती. रक्तातून नाहीशा झालेल्या या पेशी बहुतांशी मेलेल्या नसतात. त्या दुसरीकडे गेलेल्या असतात. कुठे आणि कशासाठी, याचा माग गेल्या वीसेक वर्षांत लागू लागला आणि व्यायाम व प्रतिकारशक्ती यांच्या नात्याविषयीची समजूत बदलू लागली. हा विषय केवळ मॅरेथॉनपटूंपुरता मर्यादित नाही. तालमीत घाम गाळणारा मल्ल, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारी मुले-मुली, मधुमेहामुळे डॉक्टरांनी घाम येईपर्यंत चालायला सांगितलेले गृहस्थ या सर्वांच्या मनात 'जास्त झाले तर अपाय होईल का' ही शंका असतेच. अनेकदा ती व्यायाम टाळण्याची सबबही ठरते.

बोस्टनचे चार धावपटू

या प्रश्नाचा इतिहास एका शतकाहून जुना आहे. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनच्या १९०१ सालच्या शर्यतीत राल्फ लॅराबी या डॉक्टरांनी चार धावपटूंच्या रक्ताची शर्यतीपूर्वी व शर्यतीनंतर तपासणी केली. शर्यतीनंतर त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कित्येक पटींनी वाढलेल्या आढळल्या. कोणताही आजार नसलेल्या, धडधाकट माणसांचे रक्त काही तासांपुरते एखाद्या आजारी माणसाच्या रक्तासारखे दिसत होते. लॅराबी यांनी १९०२ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजण्याच्या त्या काळात यापलीकडे फार काही कळणे शक्य नव्हते. पेशी आल्या कुठून, हा प्रश्न तसाच राहिला.

निरोगी प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. जंतू शिरला की तेथे सर्वांत आधी धावून जाणाऱ्या आणि त्याला गिळून टाकणाऱ्या या पेशी. त्याखालोखाल लिम्फोसाइट. यांत तीन मुख्य जाती आहेत. बी-पेशी प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडीज तयार करतात. टी-पेशी विषाणूची ओळख लक्षात ठेवतात आणि बाधित झालेल्या पेशी हेरून त्यांचा निकाल लावतात. तिसरी जात 'नॅचरल किलर' म्हणजे जात्याच मारक असलेल्या पेशींची. विषाणूने बाधलेली किंवा कर्करोगाच्या वाटेला लागलेली पेशी त्यांना पूर्वओळखीविनाही कळते. व्यायामाचा सर्वाधिक परिणाम होतो तो नेमका या तिसऱ्या जातीवर.

रक्ततपासणीच्या अहवालात ही सारी संख्या छापून येते, त्यामुळे प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातील पेशींची संख्या असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तविक शरीरातील एकूण लिम्फोसाइटपैकी कोणत्याही क्षणी रक्तात असतात त्या जेमतेम दोन टक्के. उरलेल्या पेशी प्लीहा, अस्थिमज्जा, लसिका ग्रंथी, आतड्यांचे अस्तर, फुप्फुसे अशा ठिकाणी असतात. याशिवाय रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशींची संख्याही मोठी आहे. त्या रक्तवाहिनीत असूनही सुईत येत नाहीत आणि म्हणून मोजल्याही जात नाहीत.

धावताना रक्तात काय घडते

स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. जोराच्या व्यायामात हेच प्रमाण वीस लिटर आणि कसलेल्या खेळाडूत त्याहूनही वर जाते. रक्ताचा लोंढा वाढला की भिंतींना चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. ओढ्याला पूर आला की काठावरचा पालापाचोळा वाहू लागतो, तसेच काहीसे. पण एवढ्याने सारा उलगडा होत नाही. व्यायामात ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक वाढते आणि ते पकडणारे 'कान' पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर असतात. नॅचरल किलर पेशींवर ते सर्वाधिक, अनुभवी टी-पेशींवर त्याखालोखाल आणि बी-पेशींवर कमी. रक्तात पेशींची जी भर पडते, तीही याच क्रमाने. आरामात पडून असलेल्या माणसाला ॲड्रेनॅलिन टोचले तरी अशीच वाढ होते आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर औषधे घेतली की ती रोडावते. त्यामुळे या घटनेचा सूत्रधार कोण, याविषयी आता फारशी शंका उरलेली नाही.

हे सारे घडायला वेळही फार लागत नाही. दोन-चार जिने धावत चढून गेल्यावर लगेच रक्त काढले, तरी नॅचरल किलर पेशी वाढलेल्या सापडतात. कसून केलेल्या व्यायामात त्यांची संख्या पाचपट, क्वचित त्याहूनही अधिक होते.

व्यायाम तासाभरापलीकडे लांबला की दुसरे संप्रेरक पुढे येते. ते म्हणजे कॉर्टिसॉल. त्याच्या प्रभावाखाली अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल बाहेर पडतात आणि व्यायाम थांबल्यानंतरही काही तास त्यांची संख्या वाढत राहते. लिम्फोसाइटचे मात्र उलट होते. व्यायाम थांबताच त्या झपाट्याने रक्त सोडून जाऊ लागतात. एक-दोन तासांत त्यांची संख्या मूळ पातळीच्याही खाली, कधी ३० तर कधी ५० टक्क्यांनी घसरते. नॅचरल किलर पेशी जशा सर्वांत आधी येतात, तशाच सर्वांत आधी जातात. बहुतेकांमध्ये चोवीस तासांच्या आत सारे पूर्ववत होते.

व्यायामानंतरच्या घसरणीच्या या काही तासांभोवतीच पुढचा सारा वाद उभा राहिला.

केपटाऊनचा आकडा

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे 'टू ओशन्स' नावाची ५६ किलोमीटरची शर्यत होते. १९८२ च्या शर्यतीनंतर एडिथ पीटर्स आणि एरिक बेटमन या संशोधकांनी १५० धावपटूंची दोन आठवडे विचारपूस केली. तुलनेसाठी त्यांनी त्याच घरांत राहणाऱ्या, पण शर्यतीत न उतरलेल्या व्यक्ती निवडल्या. त्यामुळे हवा, अन्न, घरातील साथ हे घटक दोन्ही बाजूंना सारखेच राहिले. धावपटूंपैकी ३३.३ टक्के जणांनी सर्दी-घशाच्या तक्रारी सांगितल्या. घरच्या मंडळींत हे प्रमाण १५.३ टक्के होते. जे अधिक वेगाने धावले होते, त्यांच्यात तक्रारी अधिक होत्या.

पाठोपाठ अमेरिकेत डेव्हिड नीमन यांनी १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमधील धावपटूंची पाहणी केली. दोन हजार तीनशेहून अधिक धावपटूंनी तिला प्रतिसाद दिला. शर्यतीनंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के आजारी पडले. त्यांच्याइतकाच सराव असलेल्या, पण आजाराव्यतिरिक्त अन्य कारणाने शर्यतीत न उतरलेल्या धावपटूंमध्ये हे प्रमाण अवघे २.२ टक्के होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर गाजला. पुढे नीमन यांनी इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचा आलेख मांडला : मुळीच व्यायाम न करणाऱ्याला सर्दीचा धोका मध्यम, बेताचा व्यायाम करणाऱ्याला सर्वांत कमी आणि अति करणाऱ्याला सर्वांत जास्त.

डेन्मार्कमधील बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्यासारख्या संशोधकांनी याच सुमारास रक्तातील घसरण आणि हे आजार यांची सांगड घातली. कठोर व्यायामानंतर काही तास ते तीन दिवस शरीराची 'खिडकी उघडी' राहते आणि त्यातून जंतू आत शिरतात, असे हे गृहीतक. त्याची उपमा इतकी सुटसुटीत होती की ती शास्त्रीय नियतकालिकांतून क्रीडा प्रशिक्षकांकडे आणि तेथून जाहिरातदारांकडे झपाट्याने गेली. त्या काळात एड्समुळे टी-पेशींची संख्या घटणे म्हणजे काय, हे सामान्य वाचकालाही ठाऊक झाले होते. टी-पेशी कमी झाल्याचे ऐकताच काळजाचा ठोका चुकावा, असे ते दिवस होते.

सर्दी की सर्दीचा भास?

पहिली शंका आली ती आजारांच्या मोजणीविषयीच. केपटाऊन काय किंवा लॉस एंजेलिस काय, दोन्हीकडे धावपटूंनी स्वतः सांगितलेल्या तक्रारी नोंदवल्या गेल्या होत्या. कोणाच्या घशातील नमुना घेऊन विषाणू तपासला गेला नव्हता. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अव्वल व हौशी ट्रायथलॉनपटू, सायकलपटू आणि व्यायाम न करणारे लोक यांच्यावर पाच महिने लक्ष ठेवून ही उणीव भरून काढली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आजाराचे ३७ प्रसंग नोंदले गेले. त्यांपैकी केवळ ११ प्रसंगांत विषाणू किंवा जिवाणू सापडला. उरलेल्या प्रसंगांत घसा दुखत होता, नाक वाहत होते, पण जंतूंचा पत्ता नव्हता.

मग घसा कशाने दुखत होता? तीन-चार तास तोंडाने श्वास घेत धावले, तर मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास कोरडी, थंड किंवा धुळीने भरलेली हवा श्वासमार्गातून जाते. त्याने अस्तर सुकते, सोलवटते, सुजते. परागकणांची ॲलर्जी किंवा दम्याचा सौम्य त्रास असलेल्यांना त्याचा ताप अधिक. लक्षणे सर्दीचीच, पण कारण वेगळे.

ज्यांना खरोखर संसर्ग झाला, त्यांच्याबाबतीतही सारा दोष धावण्याच्या माथी मारता येत नाही. मोठ्या शर्यतीच्या आदल्या रात्री झोप धड होत नाही. रेल्वेचा किंवा विमानाचा प्रवास झालेला असतो. मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी भल्या पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात हजारो माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. खोकणारा कोण आणि शिंकणारा कोण, हे तेथे पाहायचे कोणी? अपुऱ्या झोपेचाच परिणाम पाहायचा तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक प्रयोग बोलका आहे. १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकण्यात आले. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. त्यांना कोणी धावायला लावले नव्हते.

विसर्जनाच्या दिवसाची हजेरी

दुसरी आणि अधिक मूलगामी शंका पेशींविषयी होती. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील काही संशोधकांनी कठोर व्यायामानंतर लिम्फोसाइट मोठ्या प्रमाणावर आत्मनाशाच्या मार्गाला लागतात, असा दावा केला होता. मात्र तपासलेल्या व्यक्ती मोजक्याच होत्या आणि नंतरच्या अभ्यासांत मरणाऱ्या पेशींचे प्रमाण फारच थोडे आढळले. निम्म्या पेशी गायब होण्याचे कारण त्यातून मिळत नव्हते.

जर्मनीतील कार्स्टन क्रूगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सरळ उपाय योजला. त्यांनी उंदराच्या टी-पेशींना चमकणारा रंग लावला, त्या दुसऱ्या उंदरांच्या शरीरात सोडल्या आणि या उंदरांना दमेपर्यंत पळवले. नंतर वेगवेगळ्या अवयवांत त्या रंगीत पेशी शोधल्या. प्लीहेतून निघालेल्या पेशी फुप्फुसांत, अस्थिमज्जेत आणि आतड्यांच्या भिंतीतील संरक्षक ठिपक्यांत जाऊन बसल्याचे दिसले. ॲड्रेनॅलिनवर्गीय संप्रेरकांचा प्रभाव रोखणारी औषधे दिल्यावर या हालचालीत फरक पडला. २००८ मधील या प्रयोगाने 'पेशी गेल्या कुठे' या प्रश्नाला पहिल्यांदाच ठोस उत्तर दिले. फुप्फुसे आणि आतडी ही बाहेरचे जंतू शरीरात शिरण्याची दोन मोठी द्वारे आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

माणसांत असा रंग लावून पाठलाग करता येत नाही; पण कोणत्या पेशी रक्तात येतात आणि जातात, हे तपासता येते. ज्या टी-पेशींनी पूर्वी विषाणूशी सामना केलेला आहे आणि ज्या ऊतींमध्ये शिरून थेट मारा करू शकतात, त्याच प्रामुख्याने हालतात. अद्याप एकही शत्रू न पाहिलेल्या नवख्या पेशी बव्हंशी जागीच राहतात. नासाडीच होत असती, तर ती इतकी निवडक का व्हावी?

गणेश विसर्जनाच्या दिवशी सायंकाळी पोलीस ठाण्यात जाऊन हजेरी घेतली, तर कर्मचारी निम्म्याहून कमी भरतील. त्यावरून शहराची सुरक्षा निम्मी झाली असे कोणी म्हणणार नाही. सारे बंदोबस्तावर आहेत, हे सर्वांना ठाऊक असते. व्यायामानंतरच्या रक्तात संशोधकांनी कित्येक वर्षे ठाण्यातीलच हजेरी घेतली. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल व जेम्स टर्नर यांनी २०१८ मध्ये हाच युक्तिवाद सविस्तर मांडला आणि व्यायामाने प्रतिकारशक्ती दबते ही कल्पनाच एक मिथक असल्याचे म्हटले. शब्द कडक होता आणि त्यावर प्रतिक्रियाही तशाच उमटल्या.

या पेशी बंदोबस्तावर जाऊन काही काम करतात का, याचे एक उत्तर कोपनहेगनमधून आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांच्या एका गटाला पिंजऱ्यात फिरते चाक देण्यात आले. त्यावर मनसोक्त धावणाऱ्या उंदरांमध्ये गाठींची वाढ ६० टक्क्यांहून अधिक कमी राहिली. ॲड्रेनॅलिनने नॅचरल किलर पेशींना रक्तात आणले आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूंतून स्रवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या रसायनाने त्यांना गाठीपर्यंत नेले, असा त्याचा उलगडा करण्यात आला. स्नायू हा केवळ हालचालीचा अवयव नसून तो संदेशही पाठवतो, ही कल्पना बेंटे पेडरसन यांनी २००३ पासून 'मायोकाइन' या नावाने मांडली होती. 'उघड्या खिडकी'च्या कल्पनेशी ज्यांचे नाव जोडलेले, त्यांच्याच पुढच्या कामातून व्यायामाची ही दुसरी बाजू उजेडात यावी, हा योगायोग मजेशीर आहे. अर्थात चाकावरचा उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे. या प्रयोगावरून कर्करोगावर धावणे हा उपचार आहे, असे म्हणणे चूक ठरेल.

आयुष्यभर कठोर व्यायाम केल्यास प्रतिकारशक्ती झिजते का, याचेही उत्तर शोधले गेले. बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलपटूंची तपासणी केली. अनेक दशके दीर्घ पल्ल्याची सायकल चालवणारी ही मंडळी. छातीतील थायमस ग्रंथीत नव्या टी-पेशी तयार होतात आणि वयानुसार ही ग्रंथी आक्रसत जाते. या सायकलपटूंच्या रक्तात नव्याने तयार झालेल्या टी-पेशींचे प्रमाण मात्र तरुणांच्या जवळपास जाणारे निघाले. त्याच वयाच्या, व्यायाम न करणाऱ्यांमध्ये ते बरेच घटलेले होते. २०१८ मधील या अभ्यासातील मंडळी मुळातच सुदृढ असतील, म्हणूनच त्या वयात सायकल चालवत असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण दशकानुदशकांच्या व्यायामाने प्रतिकारशक्ती पोखरली जात असती, तर तिच्या खुणा येथे दिसायला हव्या होत्या.

दुसरी बाजू

असे असले तरी 'अति' हा शब्द विज्ञानातून हद्दपार झालेला नाही. २०२० मध्ये या क्षेत्रातील दोन्ही मतांच्या संशोधकांनी एकाच लेखात आपापली बाजू मांडली. नीमन, क्रूगर, कॅम्पबेल, टर्नर हे सारे त्यात होते. खेळाडूच्या आजारपणाला एकच एक कारण नसते, यावर त्यांचे एकमत झाले. कठोर व्यायाम हे त्यांतील एक कारण आहे का, यावर झाले नाही.

कठोर व्यायामाचा वाटा आहे असे मानणाऱ्यांकडेही पुरावे आहेत. १९९७ मध्ये डेन्मार्कमध्ये अर्ध-ट्रायथलॉन पूर्ण केलेल्या खेळाडूंच्या त्वचेवर प्रतिकारशक्तीची चाचणी घेण्यात आली. त्यांच्या त्वचेची प्रतिक्रिया विश्रांती घेतलेल्यांपेक्षा क्षीण होती. गंमत म्हणजे त्याच खेळाडूंना शर्यतीनंतर दिलेल्या लशींपासून प्रतिपिंडे मात्र इतरांइतकीच तयार झाली. एकाच शरीराने, एकाच दिवशी दोन वेगवेगळी उत्तरे दिली. लाळेतील आयजीए या प्रतिपिंडाचा पुरावा अधिक ठळक आहे. नाका-तोंडाच्या अस्तरावर पहिला पहारा याच प्रतिपिंडाचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या अव्वल जलतरणपटूंमध्ये महिनोन्महिने चाललेल्या कडक सरावकाळात त्याची पातळी उतरत गेलेली आढळली. 'अमेरिकाज कप' या नौकाशर्यतीतील ३८ खेळाडूंवर ५० आठवडे लक्ष ठेवले असता सर्दी होण्याआधीच्या तीन आठवड्यांत आयजीए खाली येऊ लागल्याचे दिसले. म्हणजे एका दिवसाची शर्यत वेगळी आणि विश्रांतीविना आठवड्यांमागून आठवडे चाललेला सराव वेगळा. त्यात वजनी गटात बसण्यासाठी उपाशी राहणे, पाणी तोडणे याची भर पडली की शरीरावरचा ताण आणखी वाढतो. आखाड्यातील मल्लांना हे निराळे सांगायला नको.

स्वीडनमधील क्रिस्टर माल्म यांनी २००६ मध्ये नीमन यांच्या आलेखाला आणखी एक वळण दिले. जागतिक पातळीवर पोहोचलेले खेळाडू सर्वाधिक सराव करूनही तुलनेने कमी आजारी पडतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मते जे वारंवार आजारी पडतात, ते त्या पातळीपर्यंत पोहोचतच नाहीत.

गोळ्या, भुकट्या आणि शर्करा

'उघडी खिडकी' बंद करण्याची हमी देणारी उत्पादने अर्थातच मुबलक आहेत. ग्लुटामिन हे त्यांतील एक जुने नाव. व्यायामानंतर रक्तातील ग्लुटामिन घटते हे खरे. पण ते तोंडावाटे देऊन पेशींच्या घसरणीत काही फरक पडतो, असे प्रयोगांत दिसले नाही. क जीवनसत्त्वाची गोष्ट थोडी वेगळी आहे. सर्वसामान्य लोकांनी ते रोज घेतल्याने सर्दी टळत नाही. मात्र मॅरेथॉनपटू, बर्फावर स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा ५९८ जणांवरील पाच चाचण्या एकत्र पाहिल्या असता सर्दीचे प्रमाण जवळपास निम्म्याने कमी आढळले. चाचण्या थोड्या आहेत आणि त्यांतील परिस्थिती टोकाची आहे. रोज अर्धा तास चालणाऱ्याने त्यावरून गोळ्यांची बाटली विकत आणण्याचे कारण नाही.

त्यापेक्षा साधा उपाय म्हणजे दीर्घ व्यायामादरम्यान थोडी साखर पोटात जाऊ देणे. रक्तातील साखर टिकून राहिली की कॉर्टिसॉलची उसळी कमी होते आणि पेशींची उलथापालथही. दीड-दोन तासांहून लांब धावणाऱ्यांनी केळे, साखर-मिठाचे पाणी किंवा तत्सम काही घेत राहावे, असे सुचवले जाते ते यासाठीही. मधुमेहींनी मात्र हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

व्यायाम न करण्याची किंमत किती असते, हे करोनाच्या साथीत दिसून आले. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात ४८,४४० करोनाबाधितांच्या जुन्या नोंदी तपासण्यात आल्या. साथीपूर्वीची दोन वर्षे सातत्याने निष्क्रिय राहिलेल्यांचा मृत्यू होण्याची शक्यता आठवड्याला १५० मिनिटे किंवा त्याहून अधिक व्यायाम करणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट निघाली. २०२१ मधील हा अभ्यास केवळ संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही; तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

ताप असताना

एका बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचे संशोधक एकाच सुरात बोलतात. अंगात ताप असताना कठोर व्यायाम करू नये. येथे प्रश्न पेशींच्या संख्येचा नसून विषाणूला मिळणाऱ्या संधीचा आहे. ब्रिटनमधील डॉक्टर रिची रसेल यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पोलिओच्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा आजाराच्या आरंभी अंगमेहनत करत राहिलेल्यांना पक्षाघात अधिक तीव्र झाल्याचे त्यांना आढळले. १९७० मध्ये अमेरिकेत कॉक्सॅकी विषाणूने बाधित उंदरांना सक्तीने पोहायला लावले असता त्यांच्या हृदयातील विषाणूंची संख्या विश्रांती घेतलेल्या उंदरांच्या कितीतरी पटींनी वाढली. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येणे हे तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूमागील एक ज्ञात कारण आहे.

क्रीडावैद्यक यासाठी मानेचा साधा नियम सांगते. लक्षणे मानेच्या वर असतील, म्हणजे नाक चोंदले आहे, शिंका येत आहेत, इतकेच असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी, छातीत कफ, धाप, उलटी-जुलाब अशी मानेखालची लक्षणे असतील, तर पूर्ण विश्रांती. ताप उतरल्यावरही लगेच पूर्वीच्या वेगाने सुरुवात न करता काही दिवस हळूहळू प्रमाण वाढवावे. छातीत दुखणे, धडधड किंवा चक्कर जाणवल्यास डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मैदानावर परतू नये. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख जवळ आलेल्या उमेदवारांना हे पाळणे जड जाते. पण तापाची गोळी घेऊन धावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. गोळीने ताप उतरतो, विषाणू तेथेच असतो.

रविवारी सकाळी पंचवीस-तीस किलोमीटर धावून घरी परततानाच रक्त तपासायला देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या अहवालात न्यूट्रोफिल वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेले दिसू शकतात, म्हणजे जवळपास तेच चित्र जे जिवाणूंच्या संसर्गात दिसते. अंगात ताप नाही, कोणतीही तक्रार नाही आणि तरीही त्या आकड्यांवरून प्रतिजैविके सुरू होण्याचा संभव असतो. रक्त देण्यापूर्वी एक दिवस कठोर व्यायाम टाळावा. ते जमले नसेल, तर आदल्या चोवीस तासांत किती धावणे झाले, हे डॉक्टरांना सांगावे. चोवीस तासांनी तपासणी पुन्हा केली, तर बहुतेकांचे आकडे आपापल्या जागी आलेले असतात.